एकाच भाषेचा लॅपटॉप

मुकुंदवाडी स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बन्सीला बन्सी म्हणून कुणी हाक मारत नसे. तिथं तो 'जपानी' होता. मुकुंदवाडीत येऊन त्याला जेमतेम दीड महिना झाला होता, पण नाव पक्कं बसलं होतं, आणि ते बसावं अशी तजवीज त्यानं स्वतःच केली होती. गाडीची वाट बघणारा कुणी बाकड्यावर टेकला की बन्सी त्याला नाव विचारायचा आणि जपानी माणूस ते कसं उच्चारेल ते म्हणून दाखवायचा. विठ्ठलचा बित्तारु व्हायचा, लक्ष्मणचा राकुशुमान. लोक पोट धरून हसायचे आणि चहाचे पैसे बन्सीला द्यावे लागायचे नाहीत.

खोटं मात्र त्यात काही नव्हतं. बन्सी सोयगाव तालुक्यातला, अजिंठ्याच्या लेण्यांपासून कोसभर अंतरावरच्या गावचा. अकरा-बारा वर्षांचा असताना तो लेण्यांच्या पायथ्याशी चमकत्या गारगोट्या विकायला उभा राहायचा. इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्यांभोवती पोरांची झुंबड असे. जपानी पाहुण्यांकडं कुणी जात नसे, कारण त्यांचं बोलणं कुणाला कळत नसे. बन्सी गेला. पहिल्या वर्षी 'हितोत्सु' म्हणजे एक आणि 'फुतात्सु' म्हणजे दोन एवढंच शिकला. दहा वर्षांनी तो त्यांच्याशी पाऊसपाण्याचं बोलत होता आणि वीस वर्षांनी लेण्यांतली चित्रं दाखवत त्यांना रडवत होता. शाळा नाही, पुस्तक नाही; सगळं कानानं उचललेलं. तोक्योहून आलेल्या म्हाताऱ्या बायका त्याला सांगत की तुमचं बोलणं आमच्या आजोबांसारखं आहे, आणि बन्सीला ते फार आवडायचं.

पण २०१६ चा उन्हाळा आला तो सलग दुसऱ्या कोरड्या वर्षानंतर. गावची विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली. उन्हानं लेण्यांतले पाहुणे आटले, कपाशी आधीच गेली होती. बन्सीचा मुलगा शिवम शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीला होता आणि मुकुंदवाडीत दोन खोल्या घेऊन राहत होता. तो एक दिवस गाडी घेऊन आला आणि आईबापाला शहरात घेऊन गेला. शहरात पाणी पाचव्या दिवशी येत होतं, पण येत तरी होतं. आजूबाजूला जिकडं तिकडं सहा-सहा मजली इमारती उठत होत्या. बन्सीला काम काहीच नव्हतं. म्हणून टपरी, आणि म्हणून बित्तारु.

भानगड झाली ती त्याच्या बायकोमुळं. साळूबाई एका सकाळी टँकरच्या रांगेत हंडे लावून बसली होती. पुढं गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या दमयंतीबाई उभ्या होत्या. एकसष्ट वर्षांच्या, सडपातळ, गळ्यात चष्म्याची साखळी. गुलमंडीच्या बाजारात त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. शहरातले अर्धे कारकून त्यांच्या हाताखाली टायपिंग शिकले होते. त्या कुणाला तरी सांगत होत्या की त्यांच्या घरी दोन वर्षं भाड्यानं राहिलेल्या जपानी चित्रकार बाई, ओनोबाई, फेब्रुवारीत मायदेशी गेल्या आणि जाताना आपला लॅपटॉप देऊन गेल्या. लॅपटॉप उत्तम, पण आतलं सगळं जपानीत, आणि त्यातलं अवाक्षर कळत नाही.

साळूबाई मागून म्हणाली, "आमच्या ह्यांला येतंय की जपानी."

संध्याकाळी दमयंतीबाई दारात हजर. हातात कापडी पिशवी, पिशवीत लॅपटॉप. बन्सीनं लगबगीनं खुर्ची पुढं केली. बाईंनी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. सरकारनं टाइपरायटरची परीक्षा बंद करून संगणकावर घ्यायची ठरवली होती. बाईंच्या इन्स्टिट्यूटला नवी मान्यता हवी तर चालू स्थितीतले सहा संगणक दाखवायला हवे होते. पाच त्यांनी कसेबसे उभे केले होते. सहावा हा. पुढच्या सोमवारी तपासायला साहेब येणार होते आणि आज बुधवार होता. गुलमंडीतल्या दुकानात नेला तर दुकानदार अप्पारावांनी हात झटकले. पडद्यावर काय विचारतंय तेच कळत नाही, तर मी कशाला हो म्हणू आणि कशाला नाही, असं त्यांचं म्हणणं. आतल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स गेलं तर पुन्हा विकत घ्यावं लागेल, ती जबाबदारी माझी नाही.

"तुम्ही फक्त वाचून सांगा, भाषा कुठं बदलायची," बाई म्हणाल्या. "बाकीचं मी करते."

बन्सीनं झाकण उघडलं. पडदा उजळला. आणि बन्सीनं झाकण पुन्हा अर्धं खाली ओढलं.

कारण बन्सीला जपानी वाचता येत नव्हतं.

म्हणजे अगदीच येत नव्हतं असं नाही. जपानीत अक्षरं निरनिराळ्या तऱ्हेची असतात. एक सोपी, टोकदार तऱ्हा परदेशी नावांसाठी आणि बाहेरून आलेल्या शब्दांसाठी वापरतात. एका शाळामास्तर पाहुण्यानं ती चाळीस-पंचेचाळीस अक्षरं बन्सीला एका कागदावर काढून दिली होती, म्हणजे स्टँडवर पाहुण्यांच्या नावाची पाटी धरून उभं राहता येईल. ती त्याला सावकाश लागायची. पण खरं जपानी भरलेलं असतं ते चित्रासारख्या दाट अक्षरांनी, आणि ती असतात हजारोंनी. त्यातलं एकही बन्सीला ओळखता येत नव्हतं. चाळीस वर्षांत कुणी त्याला वाचायला सांगितलंच नव्हतं.

त्यानं डोळे बारीक केले, पडदा मागं-पुढं केला आणि चष्मा गावाकडं राहिला असं सांगितलं. शिवम शनिवारी आणणार आहे, तोवर ठेवून जा. दमयंतीबाई विश्वासानं ठेवून गेल्या.

साळूबाई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, हे सगळं ऐकत होती. बाई गेल्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला चष्मा कवा लागला?"

बन्सीनं लॅपटॉपची पिशवी उचलून फळीवर ठेवली.

"मी बोलता येतंय म्हनलं होतं. वाचता येतं असं म्हनले न्हाय."

"त्यांना काय ठाव. बोलनाऱ्याला वाचता येतं, असंच धरतात लोक."

"मग सांगा त्यांला."

सांगणं एवढं सोपं असतं तर काय पाहिजे होतं. गुरुवारी दिवसभर बन्सी लॅपटॉपसमोर बसून राहिला. टोकदार अक्षरं सापडली की जीभ लावून बघायचा, मध्येच दाट चित्रं आली की अडायचा. एकदा कुठंतरी बोट लागलं आणि पडदा निळा होऊन काहीतरी विचारू लागला. बन्सीनं घाईघाईनं झाकण लावून टाकलं. त्या दिवशी तो टपरीवरही गेला नाही. टपरीवरचा सांडू घरी विचारायला आला की जपानी आजारी आहेत का, तेव्हा बन्सीला ते नाव पहिल्यांदा टोचलं.

शुक्रवारी सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि रिक्षानं गुलमंडी गाठली. कापडाच्या दुकानांच्या गर्दीतून जिना शोधत वर गेला. वरच्या लांबट खोलीत एका बाजूला पंधरा-वीस टाइपरायटर खोळी घालून ओळीनं ठेवले होते आणि दुसऱ्या बाजूला पाच संगणक. सहा-सात मुलं-मुली शिकत होती. दमयंतीबाई हातात छडीसारखी पट्टी घेऊन त्यांच्या मनगटांकडं बघत फिरत होत्या.

बन्सीनं पिशवी टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच सांगून टाकलं. चष्मा गावाला राहिला नाही, चष्मा कधी नव्हताच. आपल्याला जपानी बोलता येतं, ऐकलेलं कळतं, पण वाचता येत नाही. दोन दिवस उगाच तुमचे खाल्ले.

त्याला वाटलं होतं, बाई चिडतील. मुलंही हात थांबवून बघत होती. दमयंतीबाईंनी पट्टी खाली ठेवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एक सांगते, ते या मुलांनाही ठाऊक नाही. माझा इंग्रजी टायपिंगचा वेग मिनिटाला साठ शब्द आहे. पस्तीस वर्षं शिकवते आहे. पण मला इंग्रजीत चार वाक्यं बोला म्हटलं तर घाम फुटतो. ओनोबाईंना इंग्रजी यायचं, पण दोन वर्षं त्या माझ्या घरी राहिल्या तरी आम्ही सगळं हातवारे करून बोललो. माझ्या बोटांना इंग्रजी येतं, तोंडाला येत नाही."

बन्सी खुर्चीवर टेकला. तुमच्या बोटाला नि माझ्या कानाला, असं काहीतरी तो पुटपुटला. एका मुलीला हसू आलं आणि बाईंनी तिच्याकडं बघितल्यावर ती पुन्हा टाइप करू लागली.

मग त्यांनी लॅपटॉप उघडला आणि दोघं शेजारी शेजारी बसले. पाटीसाठी शिकलेली टोकदार अक्षरं तेवढी सावकाश लागतात, हेही बन्सीनं सांगितलं, तसा दमयंतीबाईंच्या डोक्यात एक विचार आला. बन्सीला जी टोकदार अक्षरं येतात ती बाहेरच्या शब्दांसाठी असतात ना? मग संगणकातले अर्धे शब्द बाहेरचेच असणार. त्या म्हणाल्या, जेवढं लागतंय तेवढं मोठ्यानं वाचा, अर्थाचं मी बघते.

बन्सी एक एक अक्षर लावू लागला. "को… न… प्यू… ता."

"कॉम्प्युटर," बाई म्हणाल्या.

"फो… रु… दा."

"फोल्डर."

"रा… इ… से… न… सु."

यावर बाई अडल्या. दोनदा म्हणायला लावलं. मग एकदम म्हणाल्या, "लायसन्स. यांना ल म्हणता येत नाही."

मुलांनी आता उघड उघड खुर्च्या वळवल्या होत्या आणि बाईंनी त्यांना मनाई केली नाही. बन्सी अक्षरं लावायचा आणि मुलं ओरडून शब्द ओळखायची. कामेरा म्हणजे कॅमेरा, पुरिन्ता म्हणजे प्रिंटर. पण भाषा कुठं बदलायची, ते काही हाती लागेना. तो शब्द जपान्यांचा घरचा, म्हणजे दाट अक्षरांत असणार. यादी खाली खाली जात होती. बन्सीनं आणखी एक शब्द लावला.

"ना… रे… ता."

बाईंनी तोंडातल्या तोंडात घोळवून बघितलं. नारेता, नरेता, नरेटर. "नरेटर म्हणजे निवेदन करणारा. सांगणारा."

"म्हंजे गाईडच की," बन्सी म्हणाला. "दाबा."

बाईंनी दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग लॅपटॉपमधून एक बाई बोलू लागली. स्वच्छ, गोड, एकेक शब्द वेगळा काढून, जपानीत. खोलीतली सगळी आरडाओरड थांबली.

बन्सी ताठ बसला. तो ऐकत राहिला. पडद्यावर एक चौकट फिरत होती आणि जिथं चौकट जाईल तिथलं ती बाई वाचून दाखवत होती. जी दाट चित्रं त्यानं दोन दिवस डोळे फाडून बघितली होती ती आता त्याच्या कानात शब्द होऊन पडत होती, आणि शब्द सगळे ओळखीचे होते. हे बंद करा. हे उघडा. आवाज वाढवा. रंग बदला.

"काय म्हणते ती?" बाईंनी विचारलं.

"सगळंच सांगती," बन्सी म्हणाला. त्यानं खुर्ची आणखी पुढं ओढली. "फक्त इचारायचा अवकाश."

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही सोय केलेली असते, हे त्यांना पुढं कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी त्यांना एवढंच कळलं की बाईंनी बाण एकेक घर खाली न्यायचा, ती बोलेल ते बन्सीनं ऐकायचं आणि मराठीत सांगायचं. पडद्यावरची बाई काही विचारायची तेव्हा बन्सीच्या तोंडून सवयीनं 'हाय' जायचं, म्हणजे जपानीत 'हो', आणि मुलं हसायची. पाऊण तासात 'गेंगो' हा शब्द आला. गेंगो म्हणजे भाषा. बाईंनी तिथं बोट टेकवलं. भाषांची लांबलचक यादी उघडली, त्यात इंग्रजी सापडलं, जोडा असं म्हटलं.

आवाजानं एक लांब वाक्य वाचलं. बन्सीनं ते पुन्हा वाचायला लावलं, आणि आणखी एकदा. त्याचा चेहरा उतरला.

ती म्हणत होती की या यंत्राच्या लायसन्समध्ये पडद्यावर दाखवायला एकच भाषा मिळते. हितोत्सु. गारगोट्या विकताना शिकलेला पहिला शब्द, त्यात चूक होणं शक्य नव्हतं. एक आहे, ती जपानी आहे, दुसरी घेता येणार नाही.

मुलींपैकी एक, संस्कृती नावाची, हळूच म्हणाली की म्हणजे सोमवारी पाचच. दमयंतीबाईंनी चष्मा काढून साखळीवर सोडला. त्यांनी डबा उघडला, त्यातली अर्धी पोळीभाजी बन्सीपुढं ठेवली, आणि दोघं जेवायला बसले.

जेवता जेवता बन्सी लॅपटॉपच्या कळांकडं बघत होता. त्याच्या डोक्यात एक गोष्ट हळूहळू येत होती. कळांवर इंग्रजी अक्षरं होती. जपानी पाहुण्यांकडचे लॅपटॉप त्यानं पाहिलेले होते. त्यांच्या कळांवर इंग्रजीच्या शेजारी जपानी अक्षरंही असतात.

त्यानं बाईंना विचारलं, हा ओनोबाईंनी जपानातून आणला होता का. बाई म्हणाल्या, नाही, दिल्लीत घेतला. दुकानदारानं अर्ध्या दिवसात जपानी करून दिला असं त्या सांगत होत्या, म्हणजे बोटांनी दाखवत होत्या.

"मग बघा," बन्सी म्हणाला, "दुकानात व्हता तवा तो जपानी नव्हता. ती बाई एकच भाषा म्हनती. जपानीच पायजे असं कुठं म्हनती? दोन ठिवता येत नसतील, पर एक काढून दुसरी घालता येत असंल."

दमयंतीबाईंनी हात धुतले नाहीत, तशाच उठून जिन्यातून खाली गेल्या आणि चार दुकानं सोडून असलेल्या अप्पारावांना घेऊन आल्या. अप्पाराव जाडजूड, घामाघूम, दुकान सोडून आल्याबद्दल कुरकुरत. पण यंत्र बोलतंय आणि हा माणूस त्याचं मराठी करून सांगतोय हे बघितल्यावर त्यांनी खुर्ची ओढली. एक भाषा काढून दुसरी घालायची म्हणजे पाटी कोरी करून सगळं नव्यानं इंग्रजीत बसवावं लागेल, ते म्हणाले. ते करता येतं, त्यांच्याकडं त्याचा पेन ड्राइव्हही होता. भीती होती ती लायसन्सची. त्यासाठी कुठल्या पानावर जायचं ते त्यांना ठाऊक होतं, पण जपानीत ते पान कुठलं हे कळत नव्हतं. आता कळणार होतं.

अप्पाराव सांगत, बाई बाण हलवत, यंत्र बोले, बन्सी ऐके. शेवटी ते पान आलं. बन्सीनं डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"लायसन्स ह्या यंत्राशीच बांधलेलं हाय, म्हनती. बाहेर वेगळं कुठं न्हाय."

"मग जात नाही," अप्पाराव म्हणाले. "बसवतो."

आधी ओनोबाईंची चित्रं आणि कागदपत्रं काढून ठेवायची होती. लेण्यांतल्या छतांवरची कमळं, हंस, वेलबुट्ट्या, शेकडोंनी. ती एका पेन ड्राइव्हवर उतरवेपर्यंत चार वाजले. मुलं घरी जायची वेळ झाली होती, पण एकही उठलं नव्हतं. अप्पारावांनी आपला पेन ड्राइव्ह लावला आणि आता बंद करतो म्हणाले.

बन्सी म्हणाला, जरा थांबा.

त्यानं बाईंना बाण आणखी एकदा फिरवायला सांगितला. आवाजानं शांतपणे दोन-तीन ओळी वाचल्या. संध्याकाळी लेणी पाहून उतरताना जपानी पाहुणे बन्सीला एक वाक्य म्हणायचे, दिवसभर कष्ट घेतलेत, दमलात, अशा अर्थाचं. बन्सी लॅपटॉपसमोर किंचित वाकला आणि ते वाक्य म्हणाला. कुणी हसलं नाही.

मग पडदा काळा झाला. दीड तास नुसतेच टिपके फिरत राहिले. मध्ये वीज गेली तेव्हा अप्पारावांनी देवाचं नाव घेतलं, पण बॅटरी टिकली. सहाच्या सुमारास पडदा उजळला आणि दमयंतीबाईंनी मोठ्यानं, चांगल्या ठणठणीत आवाजात इंग्रजी वाचलं, "वेलकम." लायसन्सही जागच्या जागी होतं.

बाईंना लगेच हाव सुटली. इंग्रजी झालं तर मराठीही करून बघू, म्हणाल्या. केलं, तर तेच वाक्य या वेळी इंग्रजीत आलं आणि ते त्यांनी स्वतःच वाचलं. पडद्याला भाषा एकच. पण अप्पारावांनी त्यांना दाखवलं की पडदा एका भाषेत असला तरी टाइप करायला हव्या तेवढ्या भाषा घालता येतात. त्याला लायसन्सची आडकाठी नाही. मराठी घातली. बाईंची बोटं कळांवर पडली आणि पडद्यावर मराठी ओळ धावू लागली, टाइपरायटरवर धावायची तशीच.

बन्सीनं विचारलं, "जपानी बी घालता येईल काय? टाइप करायला?"

अप्पारावांनी तीही घातली.

शनिवारी आणि रविवारी बन्सी तिथंच होता. बाईंनी त्याला इतरांसारखंच पहिल्या धड्यापासून बसवलं. इंग्रजी कळ दाबून जपानी आवाज लिहायचा की अक्षर आपोआप उमटतं, हे कळल्यावर तो पुरता नादावला. आवाज त्याला सगळे येत होते. खालची लांब कळ दाबली की यंत्र त्या आवाजाची दाट अक्षरं पुढं मांडायचं, हे की ते, आणि ती बघून बघून एखाददुसरं डोळ्यांत बसू लागलं. मनगट खाली टेकलं की पट्टी पडायची. छप्पन्न वर्षांच्या माणसाला पट्टी मारताना दमयंतीबाईंना काही वाटत नव्हतं आणि बन्सीलाही खाताना काही वाटत नव्हतं.

सोमवारी साहेब आले. पाच संगणक बघून सहाव्यासमोर बसले आणि तपासायला म्हणून एक इंग्रजी वाक्य टाइप केलं. पडद्यावर जपानी उमटलं. रविवारी संध्याकाळी बन्सीनं कळफलक परत बदलून ठेवलाच नव्हता. साहेबांनी पुन्हा टाइप केलं, पुन्हा जपानी. दारापाशी उभा असलेला बन्सी दोन पावलं पुढं आला.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "इथं जपानीही शिकवता?"

दमयंतीबाईंनी पापणी लवू दिली नाही. "बोलायला शिकवतो. वाचायला शिकतो आहोत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी वाकून एका कळीनं भाषा बदलून दिली. "हे बन्सीभाऊ. अजिंठ्याला चाळीस वर्षं जपानी बोलत आलेत."

साहेबांनी बन्सीला नमस्कार केला. मग जाता जाता त्यांनी विचारलं की आपली पुतणी शेंद्र्याला नोकरी बघते आहे, तिथल्या एका कंपनीत जपानी साहेब येणार असं ऐकतो, तर ती येऊन बसली तर चालेल का.

बाई चालेल म्हणाल्या. मान्यतेचा कागद महिनाभरानं आला, आणि पुतणी त्याच्याही आधी आली. तिच्या मागोमाग संस्कृती, मग तिच्या दोन मैत्रिणी, मग शिवमच्या कारखान्यातला एक फोरमन. संध्याकाळी पाच ते सहा बन्सी बोलायला शिकवू लागला. पुस्तक नव्हतंच. तो मुलांना दोन गटांत समोरासमोर उभं करायचा, एका गटाला पाहुणे करायचा आणि दुसऱ्याला गारगोटीवाले, आणि सौदा जमेपर्यंत मराठीचा शब्द काढायचा नाही असा नियम. वेळ संपली की तो स्वतः संगणकासमोर जाऊन बसायचा आणि विद्यार्थी व्हायचा. टपरीवर अजून त्याला जपानी म्हणायचे. कुणी काही वाचायला दिलं तर आता तो सांगायचा, एवढं येतंय, एवढं न्हाय, आणि त्यावरही चहा मिळायचाच.

जूनच्या अखेरीस त्यानं ओनोबाईंना पत्र टाइप केलं. अकरा ओळींना तीन दिवस लागले. चित्रं नीट ठेवली आहेत, टपालानं पाठवतो आहोत, दमयंतीबाई खुशाल आहेत, यंत्राची भाषा बदलली त्याची क्षमा असावी. ते ईमेलनं गेलं आणि उत्तर चार दिवसांत आलं. बन्सीनं ते मोठ्यानं वाचायला घेतलं. निम्मं लागलं, निम्म्यासाठी त्यानं संगणकावरचा शब्दकोश उघडला. ओनोबाई म्हणत होत्या की थंडीत पुन्हा येणार आहे, सतराव्या लेण्यातलं छत अर्धं राहिलं आहे. या वेळी मला तिथं सोबत कराल का, आणि संध्याकाळी घरी आल्यावर दमयंतीबाई दोन वर्षं मला काय सांगत होत्या ते तेवढं समजावून सांगाल का.

दमयंतीबाईंनी ते ऐकून पट्टी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, मीही आता इंग्रजी बोलायची शिकवणी लावावी म्हणते.

जुलैत गावाकडं पेरण्या झाल्या. विहिरीला पाणी आलं, तसा साळूबाईनं गावी जायचा विषय काढला, पण तिनंच तो लांबवला. आठवड्यातून दोनदा बन्सीला डबा द्यायच्या निमित्तानं ती गुलमंडीला यायची आणि खोळी घातलेल्या टाइपरायटरांच्या ओळीपाशी बसून राहायची. आता त्यांच्याकडं कुणी फिरकत नव्हतं. एके दिवशी तिनं एकाची खोळ काढली आणि पदरानं धूळ पुसली.

दमयंतीबाईंनी ते बघितलं. त्यांनी खणातून एक कोरा कागद काढला, मशीनला लावला, आणि साळूबाईच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"काय लिहायचंय?"

"माझं नाव येतं मला, सही करते मी," साळूबाई म्हणाली. "पर ह्यात ते कुठं कुठं हाय ते दावा. ळ लई आवघड आसल."

"अवघड काही नसतं. मनगट वर," बाई म्हणाल्या, आणि तिचं बोट धरून त्यांनी ते कळीवर नेऊन ठेवलं.